हिरूबायने त्याला धाडलं नव्हतं

नव्याने लिहायला लागलेल्या मित्रांनो, आपल्या सगळ्यांची एकच तक्रार असते. आपलं लिहिणं कुणी मनावर घेत नाही.

माझी पहिली गोष्ट अख्ख्या गावाने मनावर घेतली होती.

ज्या बाईवर ती लिहिली, ती आज सकाळी गेली.

तिच्या नातीने फोनवर सांगितलं. आयुष्यभर सभा गाजवल्या. आज तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून लिहितो आहे.

साठच्या दशकातली गोष्ट. मी कैनाडचा, भात-नागली पिकवणाऱ्या घरातला. डहाणूच्या हायस्कुलात शिकत होतो आणि हाताला लागेल ते पुस्तक वाचत होतो. समुद्रावर जायचो ते फक्त फिरायला.

त्या वर्षी किनाऱ्यावरच्या चिखल्याचा एक मच्छीमार, काशिनाथ, वादळात बुडाला. मी बाजारात ऐकलं आणि गोष्ट लिहिली. नुसतं वादळ मला पुरेना. ड्रामा हवा होता.

म्हणून त्याच्या बायकोच्या तोंडी मी एक वाक्य घातलं.

"घरात बसून चूल पेटते का? जा दर्यावर!"

नावंसुद्धा बदलली नाहीत. खरी नावं घालणं म्हणजे धाडस, असं वाटायचं.

वाचनालयाच्या कार्यक्रमात ती गोष्ट वाचली. टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस मिळालं. श्रोत्यांत चिखल्याचे चार-पाच जण बसले होते, त्यांच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

पुढच्या बाजाराला सुक्या बोंबलांच्या टोपलीमागून एक बाई उठली. पंचविशीची असेल.

"तूच का रे तो, माझ्यावर लिवणारा?"

मी खूश झालो. खरंच सांगतो, खूश झालो!

"हो. आवडली का?"

"आठ दिस झाले, सासू माझ्या हातचं पाणी घेत नाही. चल."

"कुठे?"

"आग लावलीस तिथं."

ती हिरूबाय. पुढे ती, मागे मी, असे आम्ही चिखल्याला पोचलो.

सासू अंगणात बसली होती. मी म्हटलं, "आजी, ती नुसती गोष्ट आहे."

"कागदावर होती ना?"

"हो."

"मग?"



त्या घरात बोलायची बोली वेगळी. बाजारात अर्धी गुजराती. कागदावरची मराठी तिथे यायची ती कचेरीतून. समन्स, दाखला, पंचनामा. अशा मराठीत कुणी मनाचं रचून लिहितं, हे त्या म्हातारीला कुणी सांगितलंच नव्हतं.

"तिने नाही धाडलं त्याला. मी बनवलं ते."

"तू होतास तिथं?"

"नाही."

"मग?"

पुन्हा तेच. 

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग सुनेकडे न बघता म्हणाली, "पाणी आण."

हिरूबायने तिला पाणी दिलं आणि मला अंगणाबाहेर नेलं. बांबूंना ताणलेल्या दोरांवर ओले बोंबील सुकत घालायचे होते. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरावर टाकायची. माझ्या हातून ते सटासट निसटत होते.

"मेल्या, बोंबलाचा जबडा सापडत नाही तुला, आणि माझ्या तोंडात शब्द घालतोस?"

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. ती नाही हसली.

"त्या सकाळी मी हेच करत होते. तो जाताना म्हणाला, येतो गं. माझे हात भरलेले. मी मान वर नाही केली. एवढंच झालं."

पुढचा बोंबील उचलत म्हणाली, "लिवायचं तर हे लिव. पण लिवलंस की आधी मला वाचून दाखव."

मी हो म्हटलं.

लिहिलं नाही.

त्यात ड्रामा कुठे होता? आणि ते लिहायचं म्हणजे त्याच वाचनालयात उभं राहून सांगायचं, की मी खोटं वाचलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. तेवढी छाती नव्हती.

सासूचा राग गेला. गावाचं तोंड कोण धरणार? बऱ्याच वर्षांनी हिरूबायच्या मुलीच्या लग्नात, माझ्या देखत, कुणीतरी कुजबुजलं, "हीच ना ती, नवऱ्याला धाडणारी?"

तेव्हाही मी गप्प बसलो. मी! "खरं बोला" म्हणून व्यासपीठावरची टेबलं फोडणारा!

लेखनाच्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं सांगत आलो आहे: आपल्या पात्राच्या हातात त्या क्षणी काय आहे हे ठाऊक नसेल, तर त्याच्या तोंडी वाक्य घालू नका. मुलं वहीत उतरवून घेतात. हे मला कुणी शिकवलं, ते मात्र कधी सांगितलं नाही.

गेल्या रविवारी तिचा फोन आला होता.

"लिवलंस का रे?"

"पुढच्या महिन्यात येतो, हिरूबाय. वाचूनच दाखवतो."

"ये. कान चालतात अजून."

पुढचा महिना! नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या बाईला मी पुढचा महिना सांगितला.

म्हणून आता इथे, सगळ्यांसमोर.

हिरूबायने काशिनाथला धाडलं नव्हतं. ते वाक्य माझं होतं. तो "येतो गं" म्हणाला, तेव्हा तिचे हात ओल्या बोंबलांनी भरलेले होते.

एवढंच. एवढ्यासाठी साठ वर्षं लागली मला.

हिरूबाय, संध्याकाळी चिखल्याला येतो. अंगणात उभा राहून हे गावाला वाचून दाखवीन. आधी तुला दाखवायचं होतं, ते राहिलं. नीट जा गं.

आणि तुम्ही, लिहिणाऱ्यांनो. तुमच्या वहीत, फोनमध्ये, कुणा खऱ्या माणसावर लिहिलेलं एखादं पान आत्ता पडून असेल. ते पोस्ट करू नका.

उठा. त्या माणसासमोर बसून ते मोठ्याने वाचा. आजच.