एका विषयाची जुळणी

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाची एक सहामाही परदेशात शिकायची सोय झाली आणि ती पदवीतच धरायचं ठरलं, तेव्हा विषयांच्या जुळणीचं काम माझ्याकडं आलं. तिकडच्या कुठल्या विषयाचे गुण इकडच्या कुठल्या विषयाला लावायचे, याचा तक्ता करायचा. मला ते निव्वळ कागदी काम वाटलं होतं.

पहिल्या तुकडीत दोन मुलगे आणि एक मुलगी जर्मनीला निघाले. मुलीचं घर मूळचं गडहिंग्लजकडचं, वडील शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला. निघायच्या आठवड्यात पहिली पाळी संपवून ते तसेच मला भेटायला आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मॅडम, पोरीचं वरीस वाया जाणार न्हाय न्हवं?"

मी तक्ता दाखवला. सगळं मंजूर आहे, काळजी करू नका, असं मी म्हणाले.

ती पोचून दहा दिवसही झाले नसतील, तिचा मेसेज आला. उष्णतेच्या वहनाचा आमचा महत्त्वाचा विषय या वेळी तिथं फक्त जर्मन भाषेत शिकवणार होते. त्याऐवजी ऊर्जा यंत्रणांचा विषय इंग्रजीतून घेता येत होता, पण परवापर्यंत नाव नोंदवायला हवं होतं. विभागप्रमुख रजेवर होते. फोनवर म्हणाले, तुम्हीच बघा. मी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचले. निम्मं जुळत होतं, निम्मं नव्हतं. मी तिला लिहिलं, 'घे. इकडचं मी बघते.'

इकडचं म्हणजे अभ्यास मंडळाची मंजुरी. बैठक अडीच महिन्यांनी होती. मंजुरी मिळेलच असं नाही, हे मात्र मी तिला कळवलं नाही. परक्या देशात पोरीच्या जिवाला घोर कशाला, अशी स्वतःची समजूत घालत राहिले. खरं तर मीच घाबरले होते. ती बर्फाचे, वसतिगृहात केलेल्या पिठल्याचे फोटो पाठवायची. मी नुसता अंगठा पाठवून फोन पालथा ठेवायचे. वर्गात तोच विषय शिकवताना मधेच तिची आठवण व्हायची आणि पुढचं वाक्य सुचायचं नाही.

बैठकीत एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, आपल्या विषयातले अर्धे धडे तिथं नाहीत, ते तिला कोण शिकवणार? बदल नामंजूर झाला. मला त्यांचा राग आला, पण त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तिकडं सकाळ असताना, मी फोन लावला. परत आल्यावर हा एक पेपर खालच्या वर्गाबरोबर द्यावा लागेल, असं सांगितलं.

"मॅडम, असं होऊ शकतं, हे तुम्हाला आधी माहीत होतं का?"

"होतं."

"मग तेव्हाच सांगायचं की. मी इथं बसून त्याचाही अभ्यास केला असता."

त्याच संध्याकाळी मी शिरोलीला त्यांच्या खोलीवर गेले. पेपर राहिल्याचं वडिलांना सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. ते आवाज चढवतील अशी मनाची तयारी करून मी गेले होते. त्यांनी मला बसायला चटई सरकवली.

"शिकंल वो ती," ते म्हणाले. "पर आम्ही तुमच्याकडं बघून पाठवलती."

आईनं चहा आणला. मला तो संपवता आला नाही.

परत आल्यावर मी तिला रोज सकाळी तासभर शिकवलं. ती वेळेवर यायची, लिहून घ्यायची, निघून जायची. पेपर चांगल्या गुणांनी सुटला. पण निकाल लागायच्या तीन आठवडे आधी पुण्याची एक कंपनी मुलाखती घेऊन गेली होती. विषय राहिलेल्यांना तिथं बसू देत नव्हते. पुढं तिला नोकरी लागली, पण तिला हवी होती ती नाही.

दुसऱ्या तुकडीच्या पालकांची बैठक होती, तेव्हा ती न बोलावता आली. मागच्या बाकावरून उठून म्हणाली, "तिथं गेल्यावर विषय बदलला तर मंडळाचा कागद हातात येईपर्यंत मंजूर झालाय असं समजू नका. तोपर्यंत जुन्या विषयाचाही अभ्यास चालू ठेवा."

पालक माझ्याकडं बघू लागले. ती सांगते ते खरं आहे, मी म्हणाले.

या वेळी सहा जण जाणार होते. दोघांचे तक्ते अजून मंडळाकडंच पडून होते.