दिसलं होतं ना, वहिनी?

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, संसार केला तो कॉम्प्युटरशी. पन्नाशी उलटली आणि त्यांची कंपनी बुडाली, तेव्हा माझ्या नवऱ्याने पाण्याच्या पंपांचं दुकान असलेल्या ओळखीच्या मालकांना गळ घातली. मालक म्हणाले, "आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर वेबसाइट चालू करून दाखवा, मग नोकरीचं बघू." या वयात दुसरं कोण दारात उभं करणार होतं त्यांना?

मशीन माझ्या लग्नातल्या कपाटाइतकं जुनं. त्यावरची सिस्टिम भाऊजींनी कधी वापरलेली नव्हती. "बघायला ओळखीची वाटते वहिनी, पण ऐन वेळी दगा देते," म्हणायचे. ताटातलं निवून जायचं आणि हे आपले भिंतीकडे बघत पुटपुटतायत. मी चिडायचे. "त्या डबड्यालाच भरवा आता घास!"

एकदा चष्माच घरी विसरले. धांदरटपणाची हद्द! मी तो घेऊन दुकानात गेले, तर पडद्यावर पांढरं पान आणि वर काळ्या अक्षरांची एक ओळ.

"उठला सर्व्हर, वहिनी! आता हे पान कुठूनही दिसेल."

किती दिवसांनी हसले! माझेच डोळे भरून आले. "बोलवा की मालकांना," मी म्हटलं.

"थांबा, आधी त्यांच्या दुकानाचं नाव घालतो."

नाव घातलं. ते दिसायला सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा होता. भाऊजींनी हाताला बसलेली कमांड दिली. त्यांच्या सवयीच्या सिस्टिमवर तिच्यापुढे ज्याचं नाव लिहाल तेवढंच बंद व्हायचं. इथे नावाला विचारतो कोण! मशीनवर होतं नव्हतं ते सगळं बंद झालं. बाहेर बिलं अडकली, तसे मालक धावत आले. भाऊजी "हात लावू नका" म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलंसुद्धा. आत काहीतरी खरखरलं आणि मशीन गप्प झालं. पुन्हा उठलंच नाही.

"वाटोळं केलंत! वेबसाइट तर कधी चालू झालीच नाही."

"झाली होती! मी या डोळ्यांनी पाहिली!" मी ओरडलेच.

"ताई, तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

भाऊजींनी चष्मा खिशात घातला आणि निघाले.

परवा दुसरीकडून बोलावणं आलं. मी शर्टाला इस्त्री केली. भाऊजी तो घालून दारापर्यंत गेले आणि चपला काढून परत आले.

"तिथली सिस्टिम कुठली असेल कोण जाणे," म्हणाले. मग रोजचंच विचारलं, "पान दिसलं होतं ना, वहिनी?"

"दिसलं होतं, भाऊजी."

"मग झालं तर." त्यांनी शर्ट काढला, नीट घडी घातली आणि कपाटात ठेवला.