आठ रकाने

सुदाम गेल्याचं कळलं तेव्हा मी मुकुंदवाडीच्या स्टेशनजवळ भाजी घेत होते. पिशवी गाड्यावरच विसरून घरी आले आणि दिवसभर रडले. त्याला सहा आठवडे झाले. आज लिहिताना रडू येत नाही... राग येतो.

वाळूजच्या एका कारखान्यात मी प्रोग्राम लिहायची, तो सर्व्हर सांभाळायचा. अजिंठ्याकडच्या मेंढपाळ घरातला, अबोल माणूस. माझ्या आईच्या आजारपणात माझी कामं त्यानं कुणाला न सांगता उरकली होती. त्यामुळं त्याच्या शब्दावर शंका घ्यायचं कधी मनातच आलं नाही.

मग माझा नवा प्रोग्राम रखडायला लागला. मालाच्या चिठ्ठ्या वेळेवर निघेनात. सर्व्हरला आठ प्रोसेसर आणि लोडचा, म्हणजे चालू आणि ताटकळलेल्या कामांचा, एकूण आकडा आठच्या आसपास. म्हणजे एकेकाला एक काम, कुणी ताटकळत नाही. मशीन ठणठणीत आहे, प्रोग्रामच वाईट, असं साहेबांचं म्हणणं. मला वाटत होतं, सगळी कामं दोनच प्रोसेसरांच्या दारात रांग लावून उभी असली, तरी एकूण आकडा आठच दिसेल की! सर्व्हरला हात लावायची मला परवानगी नव्हती. सुदामला म्हटलं, "प्रत्येक प्रोसेसरचा लोड वेगवेगळा मोज ना."

दुसऱ्या दिवशी चहा ढवळत तो म्हणाला, "मोजला, ताई. समदे सारखेच हायेत."

त्याच दुपारी बैठकीत मी माफी मागितली. माझा प्रोग्राम काढला, मला स्टोअरला पाठवलं. त्यानंतर सर्व्हर सुरळीत चालला, तशी सगळ्यांची खात्रीच पटली. माझीसुद्धा. पुन्हा मी एक ओळ लिहिली नाही. सुदाम मात्र रोज दुपारी डबा घेऊन स्टोअरमध्ये यायचा. किती वर्षं आला! केवढी माया, असं वाटायचं मला...

तेराव्यानंतर त्याच्या बायकोनं, कमलवहिनींनी, वह्यांचा गठ्ठा दिला. "कामाचं काय असंल तर बघा, ताई." एका पानावर आठ रकाने, बैठकीच्या आदल्या दिवशीची तारीख. दोन रकान्यांत चारच्या आसपास, उरलेल्या सहांत शून्य. खाली वेगळ्या शाईत, मी स्टोअरला गेले त्या दिवशीची नोंद: 'चाचणीसाठी आठही प्रोसेसरांतली कामाची वाटणी मीच बंद केली होती. चालू करायची राहिली. आज केली.'

एक वाक्य बोलला असता, तर फार तर साहेब ओरडले असते.

परवा न राहवून त्याचा नंबर लावला. वहिनींनी उचलला.

"यांचा फोन रोज चार्जिंगला लावते, ताई. कुणाचं काय काम राहिलं असलं तर... तुमचं नाय ना काही राहिलं?"

"राहिलंय, वहिनी," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या. चालूच ठेवते फोन."