गंगूबाईच्या हातची बोहनी

कॅम्प दोन या आमच्या वस्तीच्या बाजारात दुकानं झाडून पोट भरणारी गंगूबाई रात्री हरेशशेठच्या कापडदुकानाच्या पायरीवर झोपायची. सकाळी पायरी झाडून शटरला पहिला हात तीच लावायची. त्याशिवाय शेठ बोहनी करत नसत. आयुष्य रंगमंचावर काढलेल्या मला त्यात रोज पडदा उघडल्याचा थाट दिसे.

बेघरांसाठी निवारा कुठे बांधावा, हे लोकांना विचारायला महापालिकेने सभा बोलावली. तिथे आलेल्या साहेबांनी सुचवलेली जागा पार गावाबाहेर होती.

मागे उभी असलेली गंगूबाई म्हणाली, "तिकडून सकाळी झाडायला कशी येऊ, साहेब? छप्पर मिळेल, पण काम जाईल."

मग हरेशशेठ उठले. बेघर लोक बाजारात नकोत, असंच ते बोलणार, असं सगळ्यांना वाटलं.

"निवारा इथेच बनवा," ते म्हणाले. "ही बाई लांब गेली तर माझं शटर कोण उघडणार? तुम्ही येणार काय, साहेब?"

सभा खळखळून हसली, साहेबही हसले. पुढे बाजारामागची बंद शाळाच निवाऱ्यासाठी ठरली.

परवा शेठ शटरपाशी ताटकळत उभे होते. "काय गंगूबाई, आज लेट?"

"थोडं थांबायचं, शेठ," झाडू हातात घेत ती म्हणाली. "आता मी घरून येते."