हेल्मेटातला इब्राहीम

आमच्या दोहाच्या पत्रकार मंचाची मी सेक्रेटरी. भांडकुदळ म्हणून माझी ख्याती आहे, असू दे. मी भांडले नसते तर इब्राहीम मंचात आलाच नसता. आफ्रिकेतून आलेले काळे पत्रकार इथे एकेकटे राबतात, बातमी त्यांची आणि नाव दुसऱ्याचं. त्यांच्यामागे मंचानं उभं राहायला नको? वर्ल्ड कप तोंडावर आला तेव्हा कुठे आमचे अध्यक्ष विजयकुमार "यल्ला, चला, घेऊ या" म्हणाले.

इब्राहीम घानाचा, फुटबॉलवर लिहायचा. सभेला सगळ्यांआधी यायचा आणि कडेची खुर्ची धरायचा. आम्ही पुण्या-नाशिकचे मराठीत, केरळवाले मल्याळीत, अरब अरबीत सुरू. तो बिचारा सगळ्यांच्या हसण्याला नुसता हसायचा. मला फार वाईट वाटायचं.

मग मंचानं आम्हाला लुसैलचं बांधकाम चालू असलेलं स्टेडियम बघायला नेलं. डोक्यावर हेल्मेट, अंगावर पिवळं जाकीट, सगळ्यांचा एकत्र फोटो. तो मंचाच्या बुलेटिनमध्ये छापून आला. खाली ओळ: 'मंचाचे सदस्य, स्टेडियमवरच्या एका कामगारासह.'

अरे, कामगार कोण? इब्राहीम! शेजारी उभ्या आमच्या पुण्याच्या देवव्रतचंही तेच हेल्मेट, तेच जाकीट. त्याला नाही कुणी कामगार केलं! कामगार असण्यात कमीपणा नाही हो, पण हा आमचा सदस्य होता ना? मी विजयकुमारांना चांगलं फैलावर घेतलं.

"चुकून झालं, पुढच्या अंकात दुरुस्ती टाकू," ते म्हणाले. खलास.

पण इब्राहीमनं तो अंक हौसेनं घरी आईला पाठवला होता. आपण फोटोत आहोत एवढंच त्यानं बघितलं, खालची ओळ आईनं वाचली. लेकाची पत्रकारिता सुटली असं समजून ती रोज फोन करू लागली.

"थांब, मीच सांगते त्यांना," मी म्हटलं. त्यानं व्हिडिओ कॉल लावून दिला. तुमचा मुलगा पत्रकारच आहे, मी त्याच्या मंचाची सेक्रेटरी, असं मी इंग्रजीत सावकाश सांगितलं. त्या माउलीनं अदबीनं मान लववली.

"मॅडम, तुम्ही त्याच्या साहेब का? उन्हात फार उभं करू नका त्याला."

इब्राहीमनं फोन घेतला, त्यांच्या भाषेत हळू काहीतरी बोलला आणि ठेवला.

"पटलं का त्यांना?"

"मी ते सांगितलंच नाही," तो म्हणाला. "पत्रकार होतो तोवर तिला वाटायचं, मी इथे पुष्कळ माणसांत आहे. आता रोज विचारते, जेवलास का. इथे दुसरं कुणी विचारत नाही."