आशेचं व्याकरण आणि अकोल्याचा बैल

आमच्या वऱ्हाडात आशा बोलून दाखवत नाहीत. कपाशी बोंडांनी वाकलेली असली तरी बांधावरून जाणाऱ्यानं "यंदा कसं?" विचारलं की धनी तोंड कडू करून म्हणणार, "कायचं कसं बाप्पा, किडीनं खाल्लं सारं." खरं सांगितलं तर दृष्ट लागते. हेतूचंही तेच. घरातून निघालेल्याला "कुठं चालला?" विचारू नये, आणि कुणी विचारलंच तर त्यानं खोटं सांगावं. ताकाला जाऊन भांडं लपवणं हा बाकी मुलुखात टोमणा असेल. आमच्याकडे ती रीत आहे.

अशा माणसांना इंग्रजी शिकवायला एक मास्तर आला होता. ही हकीकत मी घरात सांगतो तेव्हा पोरं आधी मास्तराला हसतात, मग मोठेबाबांना, आणि शेवटी मला. तक्रार नाही.

त्या दिवसांत दूरदेशी कुठंशी लढाई लागली होती आणि तिच्यामुळे आमचा कापूस सोन्याच्या मोलानं जात होता. लढाई कुणाची, कशापायी, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. ती सरू नये एवढंच सगळे देवाजवळ मागत. परवापर्यंत कांदा-भाकर खाणारी माणसं अमरावतीच्या बाजारात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या लावून मिरवत होती. मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्यांत सगळ्यांच्या पुढं. कापूस घ्यायला येणाऱ्या साहेबाशी थेट बोलायचं आणि मधला दलाल उडवून लावायचा, या विचारानं त्यांनी मास्तर ठेवला.

मास्तरानं आधी मुंबईकडं कुठल्याशा कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिले होते. त्यामुळे त्याचं इंग्रजी म्हणजे नुसतं अर्जाचं शेपूट. कापूस, सरकी, ओल, वजन यांतला एक शब्द त्याला येत नसे. 'आय होप' येई. आम्हाला कापसाच्या पोत्यांवर बसवून तो शिकवी: आशा स्वतःविषयी असेल तर असं म्हणा, समोरच्याविषयी असेल तर तसं, आणि मुळात ती पुरी होणारच नाही हे ठाऊक असेल तर क्रियापद भूतकाळात मागं सरकवा. मग हेतू. अमुक व्हावं म्हणून. अमुक करण्याच्या उद्देशानं. तमुक होऊ नये एवढ्याकरिता. भाषेचं एवढं थोरलं दुकान, आणि मालात फक्त दाराशी हात जोडून उभं राहायची वाक्यं! राज्य करणाऱ्यांची बोली शिकतोय अशा तोऱ्यात आम्ही मागणाऱ्यांची बोली घोकत होतो.

वर्गात हुशार मी. यात भूषण काही नाही, कारण वर्गात दुसरे एकटे मोठेबाबाच होते, आणि ते 'होप' म्हणत तेव्हा तोंडातून अशी फुंकर सुटे की समोरचा कापूस उडे.

साहेब एकदाच आला. त्याला आमच्यापेक्षा बरी हिंदुस्थानी येत होती. मोठेबाबांनी छाती फुगवून 'आय होप' केलं. त्यानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळाचा, वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला कापूस बाहेर काढला, आमच्या पुढ्यात टाकला आणि तो चालता झाला. शहाण्यानं यातून काही घेतलं असतं. मोठेबाबांनी भलतंच घेतलं. म्हणाले, "इंग्रज राज्य काहून करून राहिला? मनातलं तोंडावर सांगते म्हणून. आपण लपवतो, म्हणून आपण असे."

त्याच वर्षी माझा पाट ठरवायचं घाटत होतं. पहिली बायको तापानं गेली होती, मूलबाळ नव्हतं. आम्हा शेतकरी माणसांत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लावायची चाल आहे, आणि अकोल्याच्या एका शेतकऱ्याची विधवा लेक माहेरी परत आलेली होती. तिला मी बडनेऱ्याच्या एका लग्नात पाहिलं होतं. पंगतीत ओळखीच्यांच्या पानात दोनदा वाढणाऱ्या वाढप्याला ती अशी झापत होती की मी माझ्या पानातलं खायचं विसरलो. तीच हवी, असं मनात बसलं. बोललो अर्थात कुणाशी नाही. मी वऱ्हाडीच. नशिबानं घरच्यांनीच तिचं स्थळ काढलं.

पाटाची मागणी घालायची म्हणजे आमच्याकडे बैल पाहायला जायचं. बैलाचे दात पाहायचे, खांदा चाचपायचा, मग हळूच म्हणायचं, "बैल चांगला आहे, पण आमच्या गोठ्यात रमंन का?" घरधनी "इकायचा नाई" म्हणाला की समजायचं. कुणाचं नाक कापलं जात नाही. उघड मागून नकार आला तर मात्र जन्माचं वैर, आणि त्या दारात पुन्हा पाऊल नाही. म्हणून निघताना आईनं दाराआडून मला बजावलं, "मोठेबाबाले म्हण, बैलाचंच बोला. दुसरं काई तोंडातून काढू नका."

अकोल्यात आमची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, त्यांच्या अंगणात सोडली. घरधन्यानं रीतीप्रमाणे बैल आणून उभा केला. मोठेबाबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आमी बैल पायले नाई आलो," ते म्हणाले, आणि मास्तराच्या चालीवर पुढं चालू झाले. "तुमच्या पोरीचा पाट आमच्या पुतण्यासंगं व्हावा, या उद्देशानं आलो. तुमी हो म्हणसान अशी आमाले आशा आहे."

घरधन्यानं दावं खाली टाकलं. "पाटील, तुमी अमरावतीचे ना?"

"हो."

"तिकडं असंच बोलून राहिले का आता?"

"साहेबलोक असंच बोलतात."

"मंग साहेबाच्या घरी पोरगी पाहा."

संपलं. मी पागोटं सारखं केलं आणि दमणीकडे वळलो. मोठेबाबा मात्र जागचे हलेनात. उद्देशानंतर काय म्हणायचं ते मास्तरानं शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात ती बाहेर आली. हाताला शेण होतं. बापाला म्हणाली, "बाबा, थांबा." मग मोठेबाबांना, "दिवाळीपासून हा बैल पायले कितीक आले अन् गेले. दात दाखवू दाखवू त्याचा जबडा दुखून राहिला. माह्यासाठी आलो म्हणून कोनं म्हटलं नाई. तुमीच पयले." आणि माझ्याकडे तिनं असं पाहिलं, जसं त्या वाढप्याकडे पाहिलं होतं. "अन् हे? ह्यांले तोंड आहे का? का नांदाले बी चुलतेच येतीन?"

माझ्याजवळ इंग्रजीतल्या सगळ्या आशा होत्या, सगळे उद्देश होते. सगळे जिभेपर्यंत आले आणि सावलीतल्या गुरांसारखे बसून राहिले.

"तुमी बडनेऱ्याले त्या वाढप्याले बोलल्या," मी म्हणालो, "तवापासून..."

"तवापासून काय?"

"तवापासून जेवण गोड लागत नाई."

तिच्या बापानं आभाळाकडे पाहिलं. मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं, नापास पोराकडे पाहावं तसं. ती हात धुवायला रांजणाकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "मंग जेवून जा."

परतीच्या अख्ख्या वाटेवर मोठेबाबा बैलांना, गाडीवानाला आणि मला इंग्रजी व्याकरणाचा पराक्रम ऐकवत होते. घरी येताच त्यांनी मास्तराला नवं धोतर दिलं. ते नेसून मास्तर थोड्याच दिवसांत दुसऱ्या नवश्रीमंताकडे आशा शिकवायला गेला. पुढं लढाई सरली, भाव पडला, आणि चांदीच्या शेंब्या सोनारांकडे परत गेल्या.

पाट लागल्यावर बऱ्याच वर्षांनी एकदा तिला विचारलं, त्या दिवशी माझ्यात असं काय पाहिलंस?

"तुमच्यात?" ती ज्वारी पाखडत म्हणाली. "बैलाची कीव आली होती मले."