कपबश्यांमागची किल्ली

“मशीनला हात लावू नका,” सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस म्हणाला. हवालदारानं माझ्या सुनेला खुर्चीवरून उठवलं. पडद्यावर कुणाच्या तरी लेकीची लग्नपत्रिका अर्धवट राहिली.

बुधवार पेठेत आमचं पत्रिका तयार करून द्यायचं दुकान. कॉम्प्युटर एकच. तो गेला की आम्ही दोघींनी घरी बसायचं.

“चोरीचं सॉफ्टवेअर आहे, आजी. मशीन जप्त होणार.”

“चोरीचं कशाला? माझ्या मुलानं विकत घेतलंय. किल्लीसकट.”

किल्ली म्हणजे पेनड्राइव्हएवढा तुकडा. तो मशीनला लावला तरच खरं सॉफ्टवेअर चालतं.

“मग कुठंय ती?”

“घरी. कपाटात, चांगल्या कपबश्यांमागे.”

तो हसला. “आणि काम चोरीच्या कॉपीवर?”

“तुमच्याच माणसानं सांगितलं होतं, किल्ली हरवली तर सगळं पुन्हा विकत घ्या. म्हणून मुलानं ती जपून ठेवली आणि बिनकिल्लीची कॉपी आणून टाकली. चांगली वस्तू कुणी रोज वापरतं का?”

हवालदाराला ते पटलेलं दिसलं.

सून किल्ली आणायला मांजरी गावातल्या घरी पळाली. वाटेत हडपसरची गर्दी. मी उठले, बसले, पुन्हा उठले. पत्रिकांचे नमुने उगाच सरळ केले. मुलगा जाऊन वर्ष झालं होतं. किल्ली अजून तिथंच होती की त्यानं कुणाला दिली होती, कुणास ठाऊक.

“साहेब, चोरी थांबवायचीय ना? मग हरवलेली किल्ली बदलून देत जा. पोलिसांना घेऊन हिंडावं लागणार नाही.”

“तसा नियम नाही, आजी.”

“मग करा. नियम काय आभाळातून पडतात?”

सून आली ती घामानं निथळत. किल्ली लावली. तिच्यावरचा दिवा लागेना. तिनं ती काढली, पदरानं पुसली, पुन्हा लावली. हिरवा दिवा लागला. पत्रिका खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली.

त्या माणसानं चोरीची कॉपी काढून टाकली. “आता किल्ली इथंच ठेवा,” म्हणाला आणि शेजारच्या दुकानात शिरला.

ठेवलीय. पण येता-जाता हात लावून बघते, आहे ना म्हणून.

मुलगा असता तर त्यानं निभावलं असतं. तो नव्हता. सून होती आणि मी होते.